नाशिकहून ट्वीक पकडायचे कसे: लूप, ॲम्प्लिफायर आणि पन्नास हर्ट्झची कटकट

मोकळ्या माळावर रात्री दहानंतर हेडफोन लावला की आधी ऐकू येते ती फोडणीत मोहरी तडतडावी तशी तडतड. दूरदूरच्या विजांनी सोडलेले हे रेडिओ स्पंद, त्यांना स्फेरिक म्हणतात. त्या तडतडीतून मधूनच ‘टिंव्’ असा शेपूट ओढत गेलेला आवाज येतो. तो ट्वीक. तो पकडायचा कसा, मोजायचा कसा आणि त्यावरून आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा, तळ किती उंचीवर आहे हे काढायचं कसं, ते इथे सांगितलं आहे.

वीज हजार-दोन हजार किलोमीटरवर कोसळते. तिची लहर जमीन आणि आयनांबराचा तळ यांच्यामधून, बोगद्यातून यावी तशी आपल्यापर्यंत पोहोचते. रात्री हे छत साधारण ८५ ते ९० किलोमीटरवर असतं. छताच्या उंचीच्या दुप्पट तरंगलांबीची लहर या बोगद्यात पुढे सरकतच नाही, आणि तिच्याहून किंचित आखूड असलेली रखडत रखडत येते. ८८ किलोमीटर उंचीला ही हद्द १७०० हर्ट्झच्या आसपास पडते. म्हणून ५ किलोहर्ट्झचा भाग आधी येतो, २ किलोहर्ट्झचा मागाहून, आणि १.७ जवळचा सगळ्यात शेवटी. कानाला ते ‘टिंव्’ वाटतं, पडद्यावर हॉकीच्या काठीसारखं दिसतं. दिवसा छत खाली येतं आणि या वारंवारता शोषून घेतं, त्यामुळे दिवसा ट्वीक मिळत नाहीत.

नाशिक २० अंश उत्तरेला. चुंबकीय विषुववृत्त भारतात तमिळनाडूच्या दक्षिण टोकाशी, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं, आणि नाशिकचा चुंबकीय अक्षांश १२ अंशांच्या घरात येतो. यावरून काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे आधीच ठरतं. ट्वीक भरपूर मिळतील. व्हिसलर, म्हणजे चुंबकीय रेषा धरून दुसऱ्या गोलार्धातून येणारी शीळ, क्वचित. वाराणसी आणि नैनितालला अशा कमी अक्षांशाच्या व्हिसलरच्या नोंदी झाल्या आहेत, पण पहिल्याच हिवाळ्यात त्याची आशा धरू नका. आणि चुंबकीय विषुववृत्तावर अवकाशात ज्याला ‘विषुववृत्तीय गोंगाट’ म्हणतात, त्या काही हर्ट्झ ते काही शे हर्ट्झच्या प्लाझ्मा लहरी जमिनीवरच्या या लूपात, म्हणजे तारेचे वेढे दिलेल्या चौकटीत, कधीच येणार नाहीत. त्या चुंबकीय रेषांना आडव्या धावतात आणि विषुववृत्ताच्या दोन-तीन अंशांतच घोटाळतात. त्या पाहायच्या तर उपग्रहाची नोंद उघडावी लागते. त्याचं शेवटी पाहू.

जागा आधी, सर्किट नंतर

नवखा माणूस सर्किटवर महिना घालवतो आणि जागेवर एक संध्याकाळ. हे उलटं व्हायला हवं. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर कुलाब्याचं चुंबकीय मापन १९०४ मध्ये सरळ अलिबागला हलवलं गेलं, फिल्टर शोधत कोणी बसलं नाही. तुमचाही शत्रू तोच आहे, फक्त आता तो प्रत्येक खांबावर आहे.

सातपूर, अंबड, सिन्नरचं औद्योगिक क्षेत्र बाद. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारांमुळे पूर्वेची बाजूही बाद. इगतपुरी ते मनमाड रेल्वेवर २५ किलोव्होल्टची तार आहे, तिच्यापासून पाच-सहा किलोमीटर लांब राहा. देवळालीचा तोफखान्याचा परिसर आणि ओझरचा विमानतळ इथे तारा गुंडाळलेली चौकट घेऊन रात्री जायचंच नाही, कारण सांगायला नको. उरतो पश्चिमेचा पट्टा: अंजनेरीच्या पलीकडे त्र्यंबक तालुका, हरसूल, पेठ, सुरगाण्याकडचे माळ. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर जवळ पडतं, पण तिथली रिसॉर्टं आणि त्यांचे दिवे पाहता ती जागा फक्त सरावापुरती.

जागा पक्की करण्याआधी तिथल्या शेतकऱ्याला दोन गोष्टी विचारा. एक, या आठवड्यात शेतीची थ्री फेज दिवसा आहे की रात्री. रात्रीची पाळी असेल तर आसपासचे सगळे पंप तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये येतील, तो आठवडा सोडून द्या. दोन, रानडुकरांसाठी झटका मशीन लावलंय का. कुंपणाचं हे मशीन साधारण सेकंदाला एक टिक सोडतं आणि ती स्फेरिकसारखीच दिसते. ओळखायची खूण एकच: विजा कधी घड्याळ लावून पडत नाहीत.

आणखी एक. मीटरभराची चौकट, तारा, हेडफोन, बॅटऱ्या आणि रात्रीची वेळ हे सगळं एकत्र पाहिलं की गावात गुप्तधनाचीच चर्चा होते. पोलीस पाटलांना दुपारीच जाऊन भेटा, हेडफोन त्यांच्या कानाला लावून द्या. बिबट्याचा भाग असेल तर एकट्याने बसू नका.

लूप

एक बाय दोन इंची लाकडी पट्टीचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे घ्या आणि मधोमध बोल्टने फुलीसारखे जोडा. बोल्ट सुटला की दोन्ही पट्ट्या एकत्र येतात आणि चौकट दुचाकीवरही नेता येते (तार मात्र गुंडी करून ठेवावी लागते, गुंता झाला तर रात्र गेली). प्रत्येक पट्टीवर केंद्रापासून ७०.७ सेंटिमीटरवर खाच पाडा. खाचांमधून तार फिरवली की एक मीटर बाजूचा चौरस तयार होतो.

तार २४ गेजची वाइंडिंग वायर. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ती किलोवर मिळते. ५० वेढ्यांना २०० मीटर लागते, वजन ४४० ग्रॅमच्या आसपास, म्हणून अर्धा किलो सांगा. इथे एक फसगत ठरलेली आहे. आता बऱ्याच मोटरी ॲल्युमिनियमच्या तारेने भरतात, आणि वरचं इनॅमल तांबूस असल्याने ती तांब्याचीच वाटते. टोक पॉलिश पेपरने खरडून पाहा: पांढरं निघालं तर परत द्या, कारण साधं सोल्डर तिला धरत नाही. वेढे पूर्ण झाल्यावर मल्टीमीटर लावा. २०० मीटर तांब्याला सुमारे १४ ओहम यायला हवेत. २३ च्या आसपास आले तर तार ॲल्युमिनियमची, ७ आले तर वेढे मोजण्यात चूक किंवा मध्ये कुठे इनॅमल सोलून दोन वेढे चिकटलेत.

वेढे सैल ठेवू नका. दर वीस सेंटिमीटरला सुतळीने आवळा. सैल तार वाऱ्यात थरथरते, आणि पृथ्वीच्या ४३ हजार नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात थरथरणारी तार म्हणजे छोटा जनरेटर. ट्वीकचं क्षेत्र दहा पिकोटेस्लाच्या घरातलं, म्हणजे त्याच्या चाळीस लाखांव्या भागाएवढं. चौकट तीन दोऱ्यांनी खुंट्यांना ताणून बांधा.

दहा पिकोटेस्ला, २ किलोहर्ट्झ, ५० वेढे, एक चौरस मीटर: या लूपात सहा मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. आता हे हजारपट वाढवायचे.

ॲम्प्लिफायर

आयसी एनई ५५३२, आठ पायांची, एकीत दोन ॲम्प्लिफायर. दुकानात ती नसली की ‘एलएम ३५८ घ्या, सेम आहे’ म्हणतात. सेम नाही. ५५३२ चा स्वतःचा गोंगाट ५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, ३५८ चा त्याच्या आठपट. दहा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३५८ ने चार मायक्रोव्होल्टची सरसर मिसळली की सहा मायक्रोव्होल्टच्या ट्वीकची शेपटी त्यात विरघळते, आणि मोजायची असते ती शेपटीच.

वीजपुरवठ्याला ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. दोघींचा सांधा म्हणजे ग्राउंड, वरचं टोक पाय ८ ला, खालचं पाय ४ ला. दोन्ही पायांवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड आणि १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. ॲडॉप्टर वापरायचा नाही, ‘चांगल्या कंपनीचा’ असला तरी नाही.

लूपचं एक टोक ग्राउंडला. दोन टोकांमध्ये ४.७ किलोओहम. दुसरं टोक १०० ओहममधून पाय ३ ला, आणि पाय ३ वरून ग्राउंडला ४७० पिकोफॅरड. हा छोटा कपॅसिटर मीडियम वेव्ह रेडिओ बाहेर ठेवतो. ‘जास्त लावला तर जास्त फिल्टर’ असं समजून १० नॅनोफॅरड टाकू नका: लूपचं इंडक्टन्स ९ मिलिहेन्रीच्या आसपास आहे, त्याच्याशी मिळून १७ किलोहर्ट्झजवळ अनुनाद होतो आणि सगळं रेकॉर्डिंग एका सुरात वाजायला लागतं.

पाय १ ते पाय २ मध्ये १० किलोओहम आणि त्याला समांतर ४७० पिकोफॅरड. पाय २ वरून ग्राउंडला १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरड एकामागे एक. मधल्या वारंवारतांना इथे १०१ पट वाढ मिळते, पण त्या १० मायक्रोफॅरडमुळे १६० हर्ट्झच्या खाली वाढ घसरते आणि ५० हर्ट्झला तिशीवर येते. हम, म्हणजे विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण, आवरायची सुरुवात इथूनच करायची, कारण पहिला टप्पाच तुंबला तर पुढच्या फिल्टरला करण्यासारखं काही उरत नाही.

पाय १ वरून १०० नॅनोफॅरडमधून पाय ५ ला, पाय ५ वरून ग्राउंडला ४.७ किलोओहम. ही ३४० हर्ट्झची चाळणी. पाय ७ ते ६ मध्ये पुन्हा १० किलोओहम आणि ४७० पिकोफॅरड, पाय ६ वरून ग्राउंडला १ किलोओहम: अकरा पट. पाय ७ वरून १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडमधून बाहेर. एकूण अकराशे पट, म्हणजे सहा मायक्रोव्होल्टचे सहा-सात मिलिव्होल्ट. माइक इनपुटला हे पुरतं. लाइन इनपुट असेल तर पाय ६ चा १ किलोओहम काढून २२० ओहम लावा.

सगळं झिरो पीसीबीवर बसतं. पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा ग्राउंडला जोडा, डबा लूपच्या खालच्या कोपऱ्यात बांधा. बाहेर जाणारी शिल्डेड केबल दहा मीटरची हवी. लॅपटॉप लूपशेजारी ठेवला तर त्याच्या आतल्या स्विचिंगची शिट्टी येते, आणि केबल लूपच्या वेढ्यांना समांतर गेली तर ॲम्प्लिफायर स्वतःचंच ऐकून किंचाळतो.

घरची चाचणी

लूप काढून त्याच्या जागी १५ ओहमचा रेझिस्टर लावा आणि रेकॉर्ड करा. फक्त एकसारखी सरसर यायला हवी. हम आला तर दोष डब्याचा, केबलचा किंवा लॅपटॉपचा. चार्जर काढून पाहा, नव्वद टक्के वेळा तोच असतो. ही पायरी गाळून थेट माळावर गेलेल्यांना रात्री बारा वाजता कळतं की केबलचं शिल्ड एका टोकाला सुटलंय.

मग लूप जोडून गच्चीवर जा. इथे हम येणारच, आला नाही तरच काळजी करा. आता १८.२ किलोहर्ट्झवर बारीक, स्थिर पट्टा शोधा. तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथल्या नौदलाच्या व्हीटीएक्स केंद्राचा हा संदेश, नाशिकपासून सरळ रेषेत साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. लूपची पाती, म्हणजे चौकटीची कड, दक्षिण-आग्नेयेकडे रोखली की पट्टा ठळक, नव्वद अंश फिरवली की फिका. हे घडलं तर लूप, ॲम्प्लिफायर, केबल, सगळं ठीक आहे. १९.८ वर ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ वेस्ट केपचं एनडब्ल्यूसी केंद्रही दिसायला हवं. पाणबुड्यांसाठी चालणारी ही केंद्रं आपल्याला फुकटची चाचणी देतात. दोन्ही एकाच वेळी गायब असतील तर बहुधा रेकॉर्डर २० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतच नाही.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो, वेव्ह फाइल. तासाला साधारण ३५० एमबी. एमपीथ्री नको, कानाला न ऐकू येणारं फेकून देणं हेच तिचं काम, आणि शेपटीचा बारीक अंश त्यात पहिला जातो. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करता येते का पाहा. येत नसेल तर फोन नको: प्रत्येक मोठ्या स्फेरिकनंतर तो आवाज दाबतो आणि त्याच्या पाठोपाठ येणारी शेपटी त्यात गडप होते.

माळावर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आसपास विजा नसतात, आणि दक्षिणेकडच्या, आग्नेयेकडच्या दूरच्या विजांचे ट्वीक स्वच्छ येतात. एप्रिल-मे मध्ये वळवाच्या विजा इतक्या जवळ पडतात की ॲम्प्लिफायर सतत तुंबतो. शिवाय चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सामान तिथेच सोडून गाडीत बसायचं, त्यात चर्चा नाही.

सूर्यास्तानंतर तासाभराने ट्वीक सुरू होतात, पण खरी गर्दी दहा ते चार. लूप लावल्यावर ती आग्नेय-वायव्य रोखावी की दक्षिणोत्तर, यावर फार डोकं घालवू नका. हेडफोन लावा, लूप हळूहळू फिरवा, हम सगळ्यात कमी होईल तिथे थांबा. जवळच्या तारेला नव्वद अंशांत बसलेली लूप, विजांच्या नेमक्या दिशेला रोखलेल्या पण गुणगुणत्या लूपपेक्षा नेहमी बरी.

फोन फ्लाइट मोडवर. डोक्यावरचा एलईडी टॉर्च बंद. त्याचं तेज कमी करणारं सर्किट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतं आणि पडद्यावर शिडी उमटवतं. गाडी बंद, बाइकचं इंडिकेटरसुद्धा. निफाडकडचा गारठा माहीत असेलच. पश्चिमेला थंडीबरोबर दवही पडतं, डब्याच्या तोंडाला टेप लावा. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला वेळ मोठ्याने बोला, नाहीतर लॅपटॉपचं घड्याळ पाच मिनिटं चुकलेलं आठवड्याने समजतं. वहीत भारतीय वेळ आणि त्यातून साडेपाच तास वजा केलेली जागतिक वेळ, दोन्ही लिहा.

मोजणी

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ट्रॅक स्पेक्ट्रोग्रामवर (वेळ आडवी, वारंवारता उभी अशा चित्रावर) आणा. पट्टी रेषीय, शून्य ते १० किलोहर्ट्झ, विंडो १०२४. ४८ किलोहर्ट्झला या विंडोने वारंवारता ४७ हर्ट्झच्या टप्प्यांत कळते आणि वेळ २१ मिलिसेकंदांच्या. विंडो २५६ केली तर काठीचा दांडा रेखीव दिसतो पण टोक धूसर होतं, ४०९६ केली तर उलट. शोधायला ५१२, मोजायला १०२४.

पाव सेकंद पडदाभर होईल एवढं मोठं करा. उभा दांडा, मग उजवीकडे वळून आडवी होत गेलेली शेपटी. ती जिथे जवळजवळ आडवी होते ती वारंवारता वाचा आणि १,४९,९०० ला तिने भागा. आलेला आकडा म्हणजे छताची उंची, किलोमीटरमध्ये. १७०० ला ८८.२, १७५० ला ८५.७, १६५० ला ९०.८. म्हणजे एका टप्प्याची चूक अडीच किलोमीटरची, म्हणून एका ट्वीकवर कधीही विसंबू नका. अर्ध्या तासातले वीस घ्या, शेपटी किमान २० मिलिसेकंदांची असलेलेच, आणि त्यांचा मध्यक काढा. चांगल्या ट्वीकला दुप्पट वारंवारतेवर, ३.४ किलोहर्ट्झजवळ, दुसरी वाकडी शेपटी असते. ती मोजून निम्मी केली की पहिल्या मोजणीची परीक्षा होते.

आता सगळ्यात दगाबाज जागा. ५० हर्ट्झची तेहेतिसावी पट १६५०, चौतिसावी १७००, पस्तिसावी १७५०. नेमक्या तुमच्या मोजणीच्या पट्ट्यात तीन आडव्या रेघा. डोळा शेपटी सोडून रेघेवर बसतो आणि रात्रभर छत ८५.७ किलोमीटरवर, अगदी हलत नाही. खरं छत इतकं शहाणं नसतं. सगळ्या रात्रीचा आकडा एकच येत असेल तर तुम्ही आयनांबर नाही, वीजपुरवठा मोजताय.

उपाय आहे, अर्धा. ट्रॅकची प्रत करा, २० मिलिसेकंद पुढे सरकवा, उलटी करा आणि मूळ ट्रॅकमध्ये मिसळा. ५० हर्ट्झच्या सगळ्या पटी बऱ्याच प्रमाणात कटतात, कारण त्या दर २० मिलिसेकंदांनी स्वतःला दोहरतात. ग्रिडची वारंवारता थोडी हलत असल्याने पूर्ण कटत नाहीत. आणि प्रत्येक ट्वीकमागे २० मिलिसेकंदांवर त्याचं भूत उभं राहतं. शेपटी त्याहून लांब असली तर भूत तिच्यात मिसळतं. म्हणून ही युक्ती ट्वीक शोधायला वापरा, मोजणी मूळ ट्रॅकवरच करा.

त्या उंचीवरची इलेक्ट्रॉनची घनता काढायला १.२४ गुणिले दहाचा उणे आठवा घात, गुणिले हद्दीची वारंवारता, गुणिले तिथली इलेक्ट्रॉनची चुंबकीय रेषेभोवतीच्या घिरट्यांची वारंवारता. नाशिकवर ९० किलोमीटर उंचीला ही शेवटची सुमारे ११ लाख ६० हजार हर्ट्झ. १७०० घातले की घन सेंटिमीटरला २४-२५ इलेक्ट्रॉन. एवढ्या विरळ प्लाझ्मावरून लहर परतते. पण हे छत नाशिकच्या डोक्यावरचंच असं लिहू नका. वीज आणि तुम्ही यांच्या दरम्यानच्या सगळ्या वाटेची ती सरासरी आहे.

वीज किती लांब होती हेही निघतं, मात्र इथे जपून. १८०० आणि २५०० हर्ट्झ यांच्या येण्यात १० मिलिसेकंदांचा फरक दिसला आणि हद्द १७०० धरली, तर अंतर १७९० किलोमीटर येतं. हद्द १७२० धरली की तेच १४९० होतं. वीस हर्ट्झच्या फरकाने तीनशे किलोमीटर इकडचे तिकडे. अंतर सांगायचंच असेल तर ‘दीड-दोन हजार’ म्हणा आणि थांबा.

व्हिसलरचा संशय आला तर वेळ विरुद्ध वारंवारतेच्या वर्गमुळाचा व्यस्त असा आलेख काढा. व्हिसलर सरळ रेषेत बसतो, ५ ते २ किलोहर्ट्झ उतरायला साधारण दशांश सेकंद घेतो आणि १.७ वर अडत नाही. ट्वीक तिथे अडतोच.

समान अंतराच्या रेषा: खाली वीज, वर प्रोटॉन

स्पेक्ट्रोग्रामच्या तळाशी दर ५० हर्ट्झला एक अशा रेषा पाहून कोणाला तरी विषुववृत्तीय गोंगाट सापडल्याचा आनंद होतोच. चूक समजण्यासारखी आहे, कारण खरा गोंगाटही असाच दिसतो. ओजीओ ३ उपग्रहाच्या नोंदींत तो सापडल्याचं रसेल, होल्झर आणि स्मिथ यांनी १९७० मध्ये मांडलं, आणि तो सलग नसून प्रोटॉनच्या घिरट्यांच्या वारंवारतेच्या पटींवरच्या रेषांचा बनलेला आहे हे गर्नेट यांनी १९७६ मध्ये दाखवलं. खऱ्या रेषा पाहायला व्हॅन ॲलन प्रोब या नासाच्या जुळ्या उपग्रहांच्या नोंदी उघड्या आहेत. ३० ऑगस्ट २०१२ ला सुटलेली ही जोडी २०१९ पर्यंत चालली, आणि कक्षेचा कल दहा अंशांचा असल्याने तिची चुंबकीय विषुववृत्ताशी सतत गाठ पडत असे.

आधी गणित करा. विषुववृत्तावरचं चुंबकीय क्षेत्र म्हणजे ३१,००० भागिले पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या त्रिज्यांत मोजलेल्या अंतराचा घन, नॅनोटेस्लामध्ये. त्याला ०.०१५२५ ने गुणलं की प्रोटॉनची वारंवारता. चार त्रिज्यांवर ४८४ नॅनोटेस्ला आणि ७.४ हर्ट्झ, तीनवर १७.५, पाचवर ३.८. गोंगाटाची वरची हद्द दाट प्लाझ्मात याच्या ४३ पट, म्हणजे चार त्रिज्यांवर ३२० हर्ट्झच्या जरा खाली.

मग या उपग्रहांवरच्या एमफिसिस उपकरणाची नोंद घ्या, पण रोजची सर्वेक्षणाची नव्हे. तिच्यात २ हर्ट्झ ते १२ किलोहर्ट्झचा पट्टा ६५ खान्यांत कोंबला आहे. १५० हर्ट्झजवळ एक खाना ७.४ हर्ट्झपेक्षा रुंद, त्यामुळे रेषा सगळ्या एकमेकींत मिसळून नुसता रंगाचा डाग दिसतो. सुमारे सहा सेकंदांच्या सलग बर्स्ट नोंदी शोधा, चुंबकीय अक्षांश तीन अंशांच्या आत असलेल्या. सेकंदाला ३५ हजार नमुन्यांची ही फाइल पूर्ण घेऊन फूरिए रूपांतर केलं की ०.१७ हर्ट्झपर्यंत फरक कळतो आणि रेषा कंगव्याच्या दात्यांसारख्या सुट्या होतात. याच पट्ट्यात हिस नावाचा दुसरा गोंगाट असतो. त्याचं चुंबकीय आंदोलन वर्तुळाकार, तर विषुववृत्तीय गोंगाटाचं जवळजवळ सरळ रेषेत, पार्श्वभूमीच्या क्षेत्राला समांतर. लंबवर्तुळतेचा आकडा शून्याजवळ आला तरच पुढे जा.

कधीकधी रेषांमधलं अंतर उपग्रहाच्या जागेच्या प्रोटॉन वारंवारतेशी जुळत नाही. लगेच फाइलवर संशय घेऊ नका. या लहरी आत-बाहेर सरकतात आणि उगमाजवळची वारंवारता सोबत आणतात. अंतर ५ हर्ट्झ भरलं तर ०.०१५२५ ने भागा: ३२८ नॅनोटेस्ला. ३१,००० ला ३२८ ने भागून घनमूळ काढा: ४.५५. उपग्रह चार त्रिज्यांवर असला तरी लहर साडेचार त्रिज्यांपलीकडून आलेली आहे.